बाकी पस्तीस

मे महिन्याच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर काकडीचा वास येतो. पहिल्याच सकाळी मी त्या वासामागे गेलो, तर कोपऱ्यावर काकड्या नव्हत्याच. एक बाई पेटीत रुपेरी मासे मांडून बसली होती. वीतभर लांब, सडपातळ, डोळे टपोरे. समुद्रातून नेवा नदीत अंडी घालायला चढणारा हा मासा, नाव कोर्युश्का. मी एक उचलून नाकाशी धरला. खरोखर नुकत्या चिरलेल्या काकडीचा वास! बोंबील आणि मांदेली ओळखत लहानाचं मोठं झालेलं माझं नाक त्या दिवशी चकितच झालं.

त्या रात्री दुसरं नवल. दहा वाजता सूर्य मावळला, पण अंधार काही पडेना. आकाश दुधी झालं, नदी तशीच चमकत राहिली, आणि साडेदहाला काठावरच्या बाकावर बसून मी वहीतले आकडे दिव्याशिवाय वाचत होतो. ‘शुभ्र रात्री’ हे शब्द मी पुस्तकातून ओळखत होतो. त्या डोळ्यांनी पाहिल्या तेव्हा कळलं, की या शब्दांत अतिशयोक्ती मुळीच नाही.

मी मात्र या शहरात आलो होतो तो एका संख्येच्या भेटीला. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि या संख्येची गोष्ट दर वर्षी एकदा तरी फळ्यावर मांडली. तिचं जन्मगाव, म्हणजे निदान ती जिथं ओळखली गेली ते गाव, एकदा बघायचं होतं. ती संख्या अशी:

२१४७४८३६४७.

आपल्या पद्धतीनं वाचायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दिसायला ओबडधोबड, पण जन्म अगदी सरळ. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चला. एकतिसाव्या घरापर्यंत पोहोचलात की पटावरच्या सगळ्या दाण्यांची बेरीज हीच. दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला तर सुमारे त्रेचाळीस टन तांदूळ, आणि पट अजून निम्माही भरलेला नाही. गणिताच्या भाषेत ही संख्या म्हणजे दोनचा एकतिसावा घात वजा एक. संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीत ती ओळीनं एकतीस वेळा ‘एक’ अशी लिहिली जाते. मध्ये एकही शून्य नाही.

आता तिचे शेजारी पाहा. एकानं मोठी असलेली शेजारीण म्हणजे दोनला दोननं तीस वेळा गुणलं की मिळणारी संख्या. तिच्या पोटात दोनशिवाय काही नाही. एकानं लहान असलेली, २१४७४८३६४६, तर भुसभुशीत मातीच्या ढेकळासारखी फुटते. २, ३, पुन्हा ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ अशा बारक्या तुकड्यांचा तो गुणाकार. आणि या दोघींच्या मध्ये उभी असलेली आपली संख्या कशानंच फुटत नाही. एक आणि ती स्वतः, बस्स. ती मूळ संख्या आहे.

हे ‘फुटत नाही’ म्हणणं मात्र सोपं नव्हतं. दोनच्या घातातून एक वजा केला की मूळ संख्या मिळतेच असं नाही. घातांक २, ३, ५, ७ घ्या: ३, ७, ३१, १२७ येतात, सगळ्या मूळ. हुरूप येतो. मग ११ घेतला की २०४७ येते, आणि ती २३ गुणिले ८९ निघते. मार्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६४४ साली अशा घातांकांची यादी छापली. तिच्यात ३१ होता, पण सिद्धता नव्हती. यादीतले दोन घातांक पुढं चुकीचे ठरले आणि तीन त्याच्याकडून राहून गेले होते. एकतीसचं काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. त्याआधी बोलोन्याच्या कॅटाल्डीनं १५८८ साली एकोणिसाव्या घातापर्यंत, म्हणजे ५२४२८७ पर्यंत मजल मारली होती. तिथून पुढची पायरी चढायला जवळजवळ दोन शतकं लागली, आणि ती चढली गेली याच नदीच्या काठावर.

वासिल्येव्स्की बेटावर नदीकाठानं चालत गेलं की आधी निळ्या-पांढऱ्या रंगाची कुन्स्टकामेरा लागते. मनोऱ्यावर गोल, खाली नदी. पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचं जुनं घर हेच. पुढं इजिप्तहून आणलेले दोन स्फिंक्स बसलेत, तीन हजारांहून अधिक वर्षांचे, १८३४ पासून इथल्या बर्फात. वाळवंटात घडलेले ते दगडी चेहरे उत्तरेच्या या फिकट उजेडात पाहताना मी बराच वेळ थांबलो. मग पूल येतो, आणि पुलाच्या पुढं लेफ्टनंट श्मिट यांच्या नावाचा घाट सुरू होतो. पंधरा नंबरचं घर. भिंतीवर रशियन लिपीत स्मृतिफलक. रशियन मला येत नाही, पण प्रवासाआधी अक्षरं गिरवून ठेवली होती. एकेक अक्षर लावत वाचलं: ले-ओ-नार्द, ए-य-ले-र. आमच्या पाठ्यपुस्तकातला लिओनार्ड ऑयलर! आणि साल: १७६६ ते १७८३.

स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा हा मुलगा १७२७ च्या मे महिन्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, या शहरात उतरला. म्हणजे त्यालाही शहर पहिल्यांदा दिसलं ते याच दिवसांत, याच न संपणाऱ्या संध्याकाळीत. पुढं उजवा डोळा गेला. १७४१ साली तो बर्लिनला गेला, पंचवीस वर्षांनी, १७६६ मध्ये, कॅथरीन राणीच्या बोलावण्यावरून परत आला, आणि आल्यावर थोड्याच काळात उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. १७७१ साली बेटावर आग लागली. ऑयलरचं घर जळालं. बाझलच्याच एका कारागिरानं, पेटर ग्रिम त्याचं नाव, आत शिरून आंधळ्या म्हाताऱ्याला खांद्यावर घालून बाहेर काढलं. त्याच वर्षी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दिसलं, आणि मग दृष्टी जवळजवळ कायमची गेली.

आणि १७७२ साली, बर्लिनच्या योहान बेर्नूलीला लिहिलेल्या पत्रात, या माणसानं कळवलं की २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे.

फलकासमोर उभा राहून मी ही सालं मनात पुन्हापुन्हा लावत होतो. आग, शस्त्रक्रिया, अंधार, आणि पुढच्याच वर्षी हे. लहानपणी आजोबा आम्हाला पावकी, निमकी, औटकी डोळे मिटून म्हणायला लावायचे. डोळे मिटले की आकडे आत दिसतात, असं ते म्हणत. इथं तर डोळे मिटायचीही सोय उरली नव्हती. मोठ्या पाटीवर खडूनं काढलेली ठळक अक्षरं तेवढी त्याला ओळखू यायची; बाकी सारं डोक्यात, आणि डोक्यातून मुलाला, सहायकांना सांगून कागदावर.

पण खरा विस्मय पुढंच आहे. दोन अब्जांच्या वरची संख्या कशानंच फुटत नाही हे दाखवायचं कसं? सगळे भाजक लावून बघायचे? पहिली सूट शाळेतल्या पोरालाही माहीत असते: वर्गमूळापर्यंतच जायचं. या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं वर. तिथवर मूळ संख्या आहेत ४७९२. एवढे भागाकार हातानं करायचे तर माणूस पिचून जाईल.

इथं घरातल्यासारखी चाळणीवर चाळण येते. पहिली चाळण फ्रेंच गणिती फर्माची. घातांक स्वतः विषम मूळ असेल, तर अशा संख्येच्या प्रत्येक मूळ भाजकाला घातांकाच्या दुपटीनं भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे. मघाची २०४७ आठवा. घातांक ११, त्याची दुप्पट २२. तिचे भाजक २३ आणि ८९. तेवीस म्हणजे बावीस अधिक एक. एकोणनव्वद म्हणजे चार बाविसा अठ्ठ्याऐंशी अधिक एक. वर्गात हे फळ्यावर दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढं सरकायची. आपल्या संख्येसाठी घातांक ३१, दुप्पट ६२. म्हणजे बासष्टच्या पटीत एक मिळवल्यावर येणाऱ्या संख्यांकडेच बघायचं. बाकी सगळ्या भाजकांना पहिल्याच उंबऱ्यावर निरोप. दुसरी चाळण आणखी बारीक: भाजकाला आठनं भागलं तर बाकी एक किंवा सातच हवी. तेवीसला आठनं भागून पाहा, सात. एकोणनव्वदला, एक. या दोन चाळण्यांतून खाली पडतात त्या फक्त २४८ च्या पटीपेक्षा एकनं किंवा त्रेसष्टनं जास्त असलेल्या संख्या. त्यांतल्या मूळ तेवढ्या ठेवल्या की पावणेपाच हजारांतून हाती उरतात ऐंशी-पंच्याऐंशी. एवढे भागाकार माणूस करू शकतो. आंधळा माणूसही करू शकतो.

संध्याकाळी त्याच घाटावर, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मी बाकावर बसून वही काढली. मुद्दाम हेच करायला आलो होतो. पहिला उमेदवार ६३, तो मूळ नाही. २४९ म्हणजे ३ गुणिले ८३. मग येतो ३११. हा मूळ आहे. दोन्ही चाळण्यांतून खाली आलेला पहिला खरा उमेदवार हाच.

भाग लावायला घेतला. एकवीसशे सत्तेचाळीसात तीनशे अकरा सहा वेळा, अठराशे सहासष्ट, उरले दोनशे एक्क्याऐंशी. चार उतरवला. अठ्ठावीसशे चौदात नऊ वेळा, उरले पंधरा. आठ उतरवला, भाग जात नाही, शून्य. तीन उतरवला, पाच वेळा, उरले अठ्ठावीस. सहा उतरवला, शून्य. चार उतरवला, नऊ वेळा, उरले पासष्ट. शेवटचा सात उतरवला. सहाशे सत्तावन्न, दोन वेळा, सहाशे बावीस. बाकी पस्तीस.

भाग गेला नाही. मी पस्तीसभोवती वर्तुळ काढलं.

शेजारी कठड्याला टेकून एक म्हातारा गळ टाकून उभा होता. मघापासून त्याचं लक्ष माझ्या वहीकडं होतं. तो जवळ आला, बोटानं पेन मागितलं. मी दिलं. माझ्या भागाकाराशेजारी त्यानं तीच दहा आकडी संख्या उतरवून घेतली, पण पुढची मांडणी निराळी. आपण भाजक डावीकडं लिहितो; त्यानं उभी रेघ ओढून ३११ उजवीकडं लिहिलं, त्याखाली आडवी रेघ, आणि उत्तराचे आकडे त्या रेघेखाली एकेक करत मांडत गेला. रशियात भागाकार असाच करतात, रेघांच्या कोपऱ्यात. डावीकडं वजाबाक्या जिन्यासारख्या उतरत आल्या, आणि तळाशी पोहोचला तेव्हा त्यानं दोन आकडे लिहून चौकट केली. पस्तीस.

“त्रिदसत् प्यात्,” तो म्हणाला.

मी क्षणभर थांबलो आणि अंगावर शहारा आला. त्रिदसत् म्हणजे तीन दशकं, तीस. प्यात् म्हणजे पाच, आपल्या पंचाचा दूरचा भाऊ. भाषा वेगळी, लिपी वेगळी, मांडणी वेगळी, आणि तळाशी तोच आकडा, तोही कानाला अर्धा ओळखीचा. मी त्याला घराकडं बोट दाखवून म्हटलं, “एयलेर.” त्यानं मान हलवली, “दा, दा, एयलेर,” आणि पुन्हा गळाकडं वळला.

पुढचा उमेदवार १३०३. बाकी २२६. त्यापुढचा १४८९. बाकी १९९. तिसऱ्यानंतर मी वही मिटली. ऑयलरची मोजणी या वाटेनं पार शेहेचाळीस हजारांच्या पुढं गेली होती, आणि एकाही ठिकाणी बाकी शून्य आली नव्हती.

या एका निकालातून दुसरीही एक वस्तू आपोआप हाती येते. स्वतःहून लहान असलेल्या सगळ्या भाजकांची बेरीज स्वतःएवढीच भरते, त्या संख्येला परिपूर्ण म्हणतात: ६ म्हणजे १ अधिक २ अधिक ३. मग २८, ४९६, ८१२८. अशी मूळ संख्या सापडली की तिला दोनच्या योग्य घातानं गुणून परिपूर्ण संख्या बनवता येते, हे युक्लिडनं सांगून ठेवलं होतं. आणि सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या वाटेनं येतच नाही, हे ऑयलरनंच सिद्ध केलं. आपल्या संख्येपासून मिळते ती २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. एकोणीस आकडी, आणि हिशेब पै न पै चोख.

इंग्लंडच्या पीटर बार्लोनं १८११ साली आपल्या अंकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलं, की याहून मोठी अशी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच कुणी शोधणार नाही, कारण या गोष्टी कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. कुतूहलाची ताकद त्यानं कमी धरली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेल्या याच जातीच्या मूळ संख्येत चार कोटी दहा लाखांहून अधिक आकडे आहेत.

आणि उपयोग? रात्री दीडच्या सुमारास जहाजांना वाट द्यायला पूल मधोमध दुभंगून वर उचलला जातो, रस्त्यावरच्या दिव्यांसकट. तो पाहायला काठावर गर्दी जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता. संगणकाच्या जगात बत्तीस खणांचा एक ठरलेला कप्पा फार वापरला गेला. एक खण अधिक-उण्याच्या खुणेला, उरलेल्या एकतीस खणांत सगळीकडं एक भरला की येणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २१४७४८३६४७. १९७० च्या १ जानेवारीपासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, नेमकी या संख्येवर पोहोचतील, आणि दुरुस्त केली नसतील तर पुढच्या सेकंदाला १९०१ सालात उडी घेतील. २०१४ साली एक कोरियन गाणं पाहिलं गेल्याची मोजणी या आकड्यापलीकडं जाऊ लागली तेव्हा यूट्यूबला मोजणीचा कप्पाच मोठा करावा लागला.

इथं तिच्या मूळपणाचा संबंध नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगायचो. ती केवळ काठोकाठ भरलेली आहे. पण मूळपणा कामाला येतो तो दुसरीकडं. एकपासून सुरुवात करा, १६८०७ नं गुणा, उत्तर २१४७४८३६४७ पेक्षा मोठं झालं तर तिनं भागून बाकी ठेवा, पुन्हा १६८०७ नं गुणा. १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८... काही क्रम लागत नाही, जणू कुणी मूठभर आकडे उधळतंय. तरीही एकपासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या यात एकदा आणि एकदाच येते, आणि सगळ्या येऊन गेल्यावरच पुन्हा एक येतो. संख्या फुटणारी असती तर ही प्रदक्षिणा अशी पूर्ण झालीच नसती. संगणकातले फासे कित्येक वर्षं याच प्रदक्षिणेतून पडत आले. आंधळ्या म्हाताऱ्यानं लावलेले ऐंशीएक भागाकार त्या फाशांच्या पायाशी आहेत.

शेवटच्या दिवशी अलेक्झांडर नेव्हस्की मठातल्या जुन्या दफनभूमीत गेलो. ऑयलरचं ग्रॅनाइटचं थडगं तिथं आहे. लॅटिन अक्षरांत त्याचं नाव आणि अकादमीचं नाव. पण ऑयलरला पुरलं होतं ते इथं नव्हे, वासिल्येव्स्की बेटावरच्या लुथरन दफनभूमीत. १८३७ साली अकादमीनं दगड बसवला, आणि १९५६ साली दगड आणि अस्थी दोन्ही इथं हलवले गेले.

या शहरात सगळंच हललेलं आहे. स्फिंक्स नाईलवरून आले. ऑयलर ऱ्हाईनवरून आला. घर जळून पुन्हा उभं राहिलं. घाटाशेजारच्या पुलाचं नाव बदललं, मग जुनं नाव परत आलं. शहरच एकदा पेट्रोग्राड झालं, मग लेनिनग्राड, मग पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. प्रवासात आपण काचेमागचं जुनं काही पाहतो तेव्हा ते त्या माणसाचं उरलेलं असतं: त्याची खुर्ची, त्याचा झगा. हात लावायची मुभा नसते.

थडग्याजवळच्या बाकावर मी वही उघडली. डावीकडं माझा भागाकार, उजवीकडं त्या म्हाताऱ्याचा, रेघांच्या कोपऱ्यात मांडलेला. खाली दोघांचाही तळाचा आकडा एकच. तीनशे अकरानं भाग लावला तेव्हा त्या आंधळ्या माणसाच्या हाती जे उरलं, तेच मला त्याच्या दारात बसून जसंच्या तसं हाती लागलं. काच मध्ये नव्हती.

बाकी पस्तीस.